बाय, ती पेटीवाली जाहिरात सापडली

बाय, बाबांचा हात होडीच्या दोरीत सापडला तेव्हा तू सातवीत होतीस आणि मी दुसरीत. आई त्याच्या आधीच गेलेली. बाबा दुसऱ्याच्या होडीवर खलाशी. होडी दर्यात गेली तर वाटा मिळायचा, नाही गेली तर नाही. हात बरा झाला, पण मूठ पुन्हा कधी नीट आवळली नाही, आणि मूठ न आवळणाऱ्या खलाशाला होडीवर कोण घेतो? आपल्याकडे पेज असायची. पेजेबरोबर कधी भाजलेला जवळा, कधी नुसतं मीठ. मी रडले की तू माझ्या पेजेत तुझी पेज ओतायचीस आणि म्हणायचीस, "गप खा, मला पोटात गच्च झालंय."

मग एका सकाळी तू माळ्यावरची आईची मासळीची पाटी खाली काढलीस. तिच्याच जुन्या लुगड्याची चुंबळ वळलीस, डोक्यावर ठेवून बघितलीस आणि जयगडच्या जेटीवर जाऊन मासे घेणाऱ्या बायांच्यात उभी राहिलीस. शाळा सोडते असं तू कुणाला सांगितलं नाहीस. गेली नाहीस, एवढंच.

गेलेल्या माणसाबद्दल लिहायचं तर लोक कष्ट, माया, संस्कार असं काहीतरी लिहितात. मी टीव्हीच्या जाहिरातींबद्दल लिहिणार आहे. तू असतीस तर म्हणाली असतीस, "एवढी शिकलीस ती ह्याच्यासाठी?" हो बाय, ह्याच्यासाठीच. कारण तू गेल्यावर मला एक गोष्ट सापडली आहे आणि ती तुला सांगायची राहिली आहे. खरं म्हणजे तुला विचारायची राहिली आहे.

वर सड्यावर, डोंगरमाथ्याच्या कातळावर, बागेतल्या काकींचं घर होतं. आंब्याची बाग, म्हणून बागेतल्या काकी. आजूबाजूच्या वाड्यांत टीव्ही फक्त त्यांच्याकडे. रविवारी सकाळी देवादिकांची मालिका लागायची तेव्हा अख्खी वाडी त्यांच्या माजघरात जमायची. बाकीच्या मासेवाल्या बाया रविवारी सड्यावर चढायच्या नाहीत. म्हणायच्या, सगळी टीव्हीला डोळे लावून बसतात, मासळी कोण घेणार? तू मात्र रविवारीच चढायचीस. मी तुझ्यामागून पाण्याची कळशी आणि कोयती घेऊन. तुला एक गोष्ट उमगली होती. मालिकेच्या आधी जाहिरातींची रांग लागते. तेवढ्या वेळात बायांना मासळीही हवी असते आणि मालिका सुरू व्हायच्या आत परत जागेवर बसायचंही असतं. त्या घाईत कुणी घासाघीस करत नाही.

"बांगडा कसा गो, इंदे?" काकी विचारायच्या. डोळे टीव्हीवर.

"तुमच्यासाठी कालचाच भाव, काकी."

"दे दे. साफ करून दे. लवकर."

कालचा भाव काय होता ते काकींना कधी आठवायचं नाही. तू पायरीवर बसून मासे साफ करायचीस आणि उघड्या दारातून जाहिराती बघायचीस. मालिका सुरू झाली की काकी दार लोटायच्या. माशांच्या वासाने मांजर आत शिरायचं, आणि देवाच्या मालिकेत मांजर नको. म्हणून बाय, त्या सबंध वर्षांत तू आणि मी टीव्हीवर फक्त जाहिराती बघितल्या. वाडीतली पोरं शाळेत राक्षस मारायची. मला विचारलं तर मी कपडे धुवायच्या पावडरीचं सांगायचे.

तिथेच तुझी ती भलतीच समजूत तयार झाली. जाहिराती वेगवेगळ्या असतात हे तुला पटतच नव्हतं. तुझ्या मते ती सगळी एकाच घरातली माणसं. पांढरा फ्रॉक घालून गिरकी घेते ती घरातली धाकटी. भाजीवाल्याशी हुज्जत घालून मग दुकानातून साबण घेते ती तिची आई. स्कूटरवर सगळ्यांना बसवून नेतो तो बाप. दातांच्या पावडरीवाले आजोबा त्या बापाचे वडील, म्हणूनच बापाचे दात तसे. आणि धबधब्याखाली आंघोळ करणारी ही बापाची बहीण.

"ती कोणाच्यात नाय," तू तिच्याबद्दल म्हणायचीस. "तिला कामधंदा नाय. थंड पाण्यात एवढा वेळ कोण उभं ऱ्हातं? तिचं लग्न जमत नसणार."

आणि त्या हुज्जत घालणाऱ्या आईवर तुझा खास राग. "असलं गिऱ्हाईक माझ्या पाटीजवळ नको गो. एका लिंबासाठी अर्धा तास. हिच्या घरी रविवारी टीव्ही लावून ठेवायला पायजे."

पेजेच्या दिवसांत तू मला ह्याच घराची गोष्ट सांगायचीस. आज त्यांच्याकडे कोण आलं, आज धाकटीने फ्रॉक मळवला, आज आजोबांनी ऊस चावला. दर रविवारी नवीन काही दिसलं की गोष्ट पुढे जायची. दिसलं नाही तरी जायची.

सगळ्यात शेवटी लागायची ती पेटीवाली. ती मालिका ज्यांच्या खर्चाने दाखवायचे त्यांचीच ती जाहिरात असणार, म्हणून शेवटी, असं मला पुढे कळलं. तेव्हा एवढंच माहीत होतं की ती लागली की काकींचा हात दाराकडे जातो. एक मुलगी पत्र्याच्या पेटीजवळ बसलेली. वेणी घातलेली, साधी साडी. आई पेटीत एकेक वस्तू ठेवते. आधी साड्या, मग डबा, मग आरसा. बाप दारात पाठ करून उभा, डोळे पुसतो. बाहेर गाडी थांबलेली. मग आई पदराआडून फडक्यात बांधलेलं काहीतरी काढते, इकडेतिकडे बघते, हळूच साड्यांच्या खाली सरकवते. मुलगी हात घालून ते बाहेर काढणार, एवढ्यात दार बंद.

दर वेळी. दर वेळी तिथेच.

"ही तीच," तू पहिल्याच वेळी म्हणालीस. "फ्रॉकवाली. मोठी झाली."

"तिचं नाक वेगळं आहे."

"वाढत्या वयात नाक बदलतं. तुझं बघ."

"मग चाललीय कुठे?"

तू बांगड्याचं डोकं उडवलंस. "शिकायला. कॉलेजात. दुसरं कुठं जातील पेटी घेऊन?"

आणि फडक्यात काय, ह्यावर आपण किती भांडलो बाय! मी म्हणायचे पैसे. तू म्हणायचीस पुस्तक. मी म्हणायचे, पुस्तक लपवून कशाला देईल? तू म्हणायचीस, बापाला पसंत नसेल म्हणून. मी म्हणायचे, पसंत नसेल तर रडत का उभा आहे, अडवत का नाही? तू म्हणायचीस, बाप असाच असतो. हे भांडण घाटीची पायवाट उतरताना सुरू व्हायचं ते घरी पोचेपर्यंत. पुढच्या रविवारी पुन्हा.

मी दहावी पास झाले तेव्हा खाडीपलीकडून, गुहागरकडून, मला स्थळ आलं. मुलाची होडीत भागी होती. स्थळ वाईट नव्हतं, हे आजही म्हणेन. बाबा अंगणात जाळं दुरुस्त करत बसले होते, एका हाताने आणि दातांनी. दुसऱ्या हातात जाळं टिकायचं नाही. तू भांडी घासत होतीस. तुझं स्वतःचं लग्न राहिलं होतं, त्याबद्दल कुणी बोलत नव्हतं. तू गेलीस तर घर कोण चालवणार हे सगळ्यांना माहीत होतं.

"होकार कळवतो," बाबा म्हणाले.

"तिला कॉलेजात घालायचीय," तू भांड्यांतून मान वर न काढता म्हणालीस.

"कोणाच्यात जातात पोरी कॉलेजात?"

"टीव्हीवर जातात. मोठमोठ्या घरातल्या. बापूस रडतो, पण धाडतो."

बाबांनी जाळं खाली ठेवलं. "कुठं बघितलंस?"

"बागेतल्या काकींकडे. दर रविवारी दाखवतात. पेटी भरतात, गाडी येते, पोर जाते."

"दर रविवारी?"

"दर रविवारी. हिला विचारा."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. बघितलं तर मीही होतंच.

मग त्यांनी विचारलं, आणि हा प्रश्न मी मरेपर्यंत विसरणार नाही: "टीव्ही सरकारचाच ना?"

"मंग? दुसऱ्या कोणाचा?"

"म्हणजे सरकार दाखवतं."

"सरकारच."

बाय, आपल्या बाबांना सरकार म्हणजे काय होतं? वादळाचा बावटा लावतं ते. मासेमारी कधी बंद, कधी सुरू ते सांगतं ते. बावटा लागल्यावर जो दर्यात गेला तो परत आला नाही, हे त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. सरकार एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत असेल तर तिच्यात काहीतरी असणार. त्यांनी जाळं परत उचललं, दातात दोरा धरला, आणि तसंच बोलले, "मंग धाडू या. सरकार सांगतंय तर."

मसाला, साबण, सरकार, सगळं त्यांच्या लेखी एकच होतं. तू त्यांना समजावत बसली नाहीस. भांडी घासत राहिलीस.

माझी पेटी म्हणजे बाबांची होडीवरची पेटी. आत डांबराचा वास, झाकणाला गंज. रत्नागिरीच्या वसतिगृहात जायच्या दिवशी तू ती भरायला बसलीस आणि माझ्या लक्षात आलं की तू जाहिरातीच्या क्रमाने भरतेयस. आधी कपडे. मग डबा. मग आरसा, शेजारणीकडून मागून आणलेला. बाबांना तू म्हणालीस, "तुम्ही दारात उभे ऱ्हावा."

"कशाला?"

"ऱ्हावा हो. पाठ करून."

ते उभे राहिले. आणि खरंच रडले. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं रडायला.

मग तू पदराआडून फडकं काढलंस. मी हात पुढे केला तर चापट मारलीस. "तिथं गेल्यावर उघड."

एसटी सुटली तेव्हा तू रस्त्याकडेला उभी होतीस, पाटी डोक्यावर. मी गेल्यावर लगेच मासळीला जाणार होतीस. माझ्या मनात सारखं एकच, फडक्यात काय? पुस्तक असणार. तुझंच म्हणणं होतं ना पुस्तक. बायने कुठून आणलं असेल पुस्तक, असा विचार करत मी रत्नागिरीला पोचले. खोलीतल्या मुली बाहेर गेल्यावर फडकं सोडलं.

सोडे. वाळवलेल्या कोळंबीचे सोडे.

खोलीभर वास. खोलीतली देवरुखची मुलगी आत आली, नाकाला रुमाल लावला आणि विचारलं, "काही मेलंय का?" दुसऱ्या दिवशी रेक्टरबाईंनी बोलावलं. मी सोडे स्वयंपाकघरातल्या मावशींना दिले. एका रविवारी त्यांनी मुलींसाठी सोड्यांची आमटी केली. देवरुखच्या मुलीने दोनदा भात मागितला. पुढच्या सुट्टीत मी घरी निघाले तर तीच म्हणाली, "येताना त्या मेलेल्या वस्तू आण गं."

हे तुला सांगितलं तेव्हा तू हसून हसून पायरीवर बसलीस. मी विचारलं, "पुस्तक म्हणत होतीस ना? मग सोडे का?" तू म्हणालीस, "पुस्तकं तुला तिथं मिळतील. सोडे कोण देईल?"

तेव्हा मला ते उत्तर पटलं. आता पटत नाही, आणि त्यासाठीच हे सगळं लिहिते आहे.

पुढे तुझं लग्न झालं. भावोजी चांगले मिळाले. खाडीवर मोठं बंदर आलं तेव्हा ते तिथे कामाला लागले, तुझ्या घरी रंगीत टीव्ही आला. तरी मालिका लागली की तू उठून चुलीशी जायचीस आणि जाहिरात लागली की परत येऊन बसायचीस. भावोजी म्हणायचे, "आमच्या घरात ही उलटी रीत." नवीन जाहिराती तुला आवडायच्या नाहीत. "ह्यांच्यात माणसं एकमेकांची कोण लागतात तेच कळत नाय," असं तुझं म्हणणं. मी सरकारी नोकरीत लागले, शहाणी झाले, आणि एकदा तुला नीट समजावलं की ती फ्रॉकवाली, ती हुज्जतवाली, तो स्कूटरवाला, सगळे वेगवेगळे नट, वेगवेगळ्या कंपन्यांचे, एकमेकांना ओळखतही नसतील. तू ऐकून घेतलंस. मग म्हणालीस, "बरं. पण फ्रॉकवाली नांदतेय ना बरी?"

मोबाइलवर जुन्या जाहिराती मिळायला लागल्या तेव्हा मी म्हटलं, थांब, पेटीवाली शोधते. तू लगेच म्हणालीस, "ऱ्हाऊ दे गो. संपलेलं बरं असेलच असं नाय." मला वाटलं, गोडी राहावी म्हणून म्हणतेयस.

तुझं बारावं झालं त्या दुपारी वाडीतल्या बाया पडवीत बसल्या होत्या. रडून झालं होतं, चहा झाला होता, आणि कुणालाच उठवत नव्हतं. बागेतल्या काकी आल्या होत्या, आता पार वाकलेल्या, काठी टेकत. त्यांनीच तुझी रविवारची गोष्ट काढली. मग एकीने ती कपडे धुवायच्या पावडरीची चाल गुणगुणली. दुसरीला साबणाची आठवली. बघता बघता सगळ्या जणी जाहिराती आठवायला लागल्या. कुणाला मालिकेतलं काही नीट आठवत नव्हतं, जाहिराती मात्र जशाच्या तशा. असं का होत असेल गं? देवांचे संवाद विसरले आणि दातांची पावडर लक्षात राहिली. दुखवट्याच्या घरात हसू नये म्हणून बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. भावोजी आतून बाहेर आले, बघितलं, आणि म्हणाले, "हसा. तिला चालेल."

मी मोबाइल काढला. पेटी, मुलगी, आई, बाप, जे जे आठवलं ते घालून शोधलं. कुणा हौशी माणसाने जुन्या जाहिरातींची लांबच लांब माळ चढवली होती. त्यात, मधेच कुठेतरी, ती होती.

बाय, ती रंगीत होती.

काकींचा टीव्ही काळापांढरा. त्यात दिसलं नव्हतं की त्या मुलीच्या हातात हिरवा चुडा आहे. गालांना, हातांना हळद आहे, पिवळीधमक. दारावर झेंडूचं तोरण. ती कुठल्या कॉलेजात चालली नव्हती. सासरी चालली होती. मुलगी साड्यांखाली हात घालते, फडकं काढते, सोडते. इथे आपलं दार बंद व्हायचं. आत मसाल्याचं पाकीट. मग सासरचं स्वयंपाकघर, सासू आमटी चाखते, मान डोलावते, आणि मसाल्याचं नाव. संपली.

पडवीतल्या बायांना काय झालं ते कळलं नाही, मलाच कळत होतं. ज्या जाहिरातीवर बोट ठेवून तू मला कॉलेजात घातलंस, ती लग्नाची जाहिरात होती. बाबांनी होकार कळवला असता तर सरकारचंच ऐकल्यासारखं झालं असतं.

आधी मला हसूच आलं. मग आठवले ते सोडे.

पुस्तक पुस्तक म्हणून वर्षानुवर्षं भांडणारी तू, माझ्या पेटीत पुस्तक का घातलं नाहीस? जुनं, फाटकं, सातवीतलं तुझंच, कुठलंही? स्वयंपाकघरातली वस्तू का घातलीस? जाहिरातीतल्या आईने घरची चव बांधून दिली, तूही घरची चव बांधून दिलीस. शेवट बघितल्याशिवाय एवढं जुळतं?

मी काकींना विचारलं, "काकी, तुम्ही दार लोटलं की बाय लगेच निघायची?"

"नाय गो," काकी म्हणाल्या. "मी फेब्रुवारीत पाठ धरून पडले होते ना, तेव्हा तू दहावीच्या अभ्यासाला घरी असायचीस. इंदी एकटीच यायची. दार पोरं लोटायची, पण ती लगेच जायची नाय. खिडकीजवळच्या पायरीवर बसून पाटी धुवायची निवांत."

"म्हणजे खिडकीतून दिसत असेल तिला?"

"खिडकी उघडी असायची खरी."

"मग तिने शेवट बघितला असेल?"

"आता ते मला काय म्हायत? माझी पाठ होती खिडकीकडे," काकी म्हणाल्या. "मी टीव्ही बघत होते."

झालं. एवढाच साक्षीदार, आणि तोही टीव्हीकडे तोंड करून.

बाय, दोन गोष्टी आहेत आणि मी त्या आलटून पालटून बघते आहे, तू मासा उलटून कल्ले बघायचीस तशी. एक अशी की तुला काही माहीत नव्हतं. पेटी घेऊन मुलगी निघाली म्हणजे शिकायलाच निघाली, ह्यापलीकडे तुझ्या मनात दुसरं काही आलंच नाही, कारण तुला स्वतःला जायचं होतं ते तिथेच. दुसरी अशी की तू शेवट बघितला होतास. ती लग्न होऊन गेली हे तुला पक्कं ठाऊक होतं, आणि तरी भांड्यांतून मान वर न काढता तू बाबांना सांगितलंस की सरकार पोरींना कॉलेजात धाडतं. पहिली खरी असेल तर तू भोळी होतीस. दुसरी खरी असेल तर तुझ्याइतकी हुशार बाई ह्या खाडीच्या दोन्ही काठांवर झाली नाही. मला दोन्ही तूच वाटतेस. तुझ्याकडे बघून मला कधीच सांगता आलं नसतं. आता तर नाहीच.

तुझ्या "संपलेलं बरं असेलच असं नाय" ह्या वाक्याचाही मी आता दोन्हीकडून विचार करते. भावोजींना विचारलं, तर ते म्हणाले, "तिला जे सांगायचं नव्हतं ते मलाही नाय सांगितलं."

तू मला कधी 'तुझ्यासाठी शाळा सोडली' असं म्हणाली नाहीस आणि मी तुला कधी 'तुझ्यामुळे शिकले' असं म्हटलं नाही. आपल्यात ते बोलायची पद्धत नव्हती. आपण फडक्यात काय ह्यावर भांडायचो. ते भांडण आज मिटलं. पैसे नव्हते, पुस्तकही नव्हतं. आपण दोघी हरलो.

ती जाहिरात मी मोबाइलमध्ये ठेवून घेतली आहे. तुझ्या फोटोसमोर एकदा लावली, शेवटपर्यंत. ह्या वेळी दार उघडं ठेवलं.

जाहिरातीतली मुलगी मसाला घेऊन सासरी गेली. तुझी बहीण सोडे घेऊन रत्नागिरीला गेली, आणि आपल्या घरातली पहिली बी.ए. झाली.